आरपीएम वाढतोय, पण गाडी पळत नाही. जुन्या ऑटोमॅटिक फोर बाय फोरचा गिअरबॉक्स खरंच गेलाय का, हे कसं ओळखायचं?

बीडच्या रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहिलं तरी एमएच-२३ पासिंगची एखादी स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर नाहीतर एंडेव्हर समोरून जातेच. यातल्या बऱ्याच गाड्या आत्ताच्या मालकाने शोरूममधून घेतलेल्या नसतात. पुण्या-मुंबईत दहा-बारा वर्षं चाललेली गाडी नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळते. त्यात ऑटोमॅटिक आणि वर फोर बाय फोर म्हटल्यावर घेणारा खूश असतो.

मग एक दिवस मांजरसुंब्याच्या घाटात पुढे उसाची ट्रॉली आडवी येते. गाडी हळू करून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, आरपीएमचा काटा झपकन वर जातो आणि गाडी मात्र रेंगाळत राहते. गॅरेजमध्ये नेल्यावर एक चक्कर मारून निकाल येतो, "गिअरबॉक्स गेला. खोलावा लागेल."

जुन्या गाडीत हा खर्च इतका मोठा असू शकतो की गाडी दुरुस्त करावी की भंगारात द्यावी, असा प्रश्न पडतो. पण हेच लक्षण ऑईल कमी झाल्यामुळे, एखादा सेन्सर किंवा सोलेनॉइड खराब झाल्यामुळेही दिसू शकतं. म्हणजे 'स्लिप होणं' हा ताप आहे, आजार वेगळाच असू शकतो. म्हणून गिअरबॉक्स खोलण्याआधी कोणत्या तपासण्या कोणत्या क्रमाने करायच्या, ते समजून घेऊ.

गिअरबॉक्स स्लिप होतो म्हणजे नेमकं काय होतं?

मॅन्युअल गाडीत क्लच आपण पायाने दाबतो. ऑटोमॅटिकमध्ये हे काम ऑईल करतं. इंजिनची ताकद आधी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये येते. तिथे दोन पंख्यांच्या मध्ये ऑईल असतं आणि एका पंख्याच्या जोरावर दुसरा फिरतो. पुढे गिअरबॉक्समध्ये क्लचप्लेटचे अनेक संच असतात. प्रत्येक गिअरसाठी ठरावीक संच घट्ट दाबले जातात आणि हा दाब ऑईलचाच असतो. पंप दाब तयार करतो, व्हॉल्व्ह बॉडी तो योग्य वाटेने पाठवते आणि कोणती वाट कधी उघडायची ते सोलेनॉइड नावाचे छोटे विजेचे व्हॉल्व्ह ठरवतात. त्यांना हुकूम देणारा एक कॉम्प्युटर असतो.

यात कुठेही दाब कमी पडला की प्लेटा पूर्ण आवळल्या जात नाहीत, एकमेकींवर घसरतात. घसरल्या की तापतात, तापल्या की त्यांचं अस्तर जळतं आणि जळलेल्या प्लेटा अजून घसरतात. म्हणूनच 'चालतेय तोवर चालवू' हा विचार इथे सगळ्यात महाग पडतो.

आधी खात्री करा, ही स्लिपच आहे ना?

स्लिपसारखी दिसणारी पण स्लिप नसलेली काही लक्षणं आहेत.

१. घाटात ॲक्सिलरेटर जोरात दाबला की ऑटोमॅटिक गाडी स्वतःहून खालचा गिअर टाकते. तेव्हा आरपीएम वाढतो, पण पाठोपाठ गाडी ओढही घेते. हे अगदी नॉर्मल आहे.

२. गाडीला दमच नाही आणि आरपीएमही वाढत नाही, असं असेल तर संशय गिअरबॉक्सवर नको. डिझेल गाडीत टर्बोचा पाईप फाटणं किंवा डिझेल फिल्टर चोक होणं, अशी कारणं आधी बघावीत.

३. चिखलात आरपीएम आणि स्पीडोमीटर दोन्ही वाढतात, पण गाडी जागची हलत नाही. म्हणजे गिअरबॉक्स ताकद देतोय, चाक जागेवर फिरतंय. स्लिपमध्ये आरपीएम वाढतो आणि स्पीडोमीटर मागे राहतो. हा एक फरक लक्षात ठेवला तरी अर्धा गोंधळ मिटतो.

४. सपाट रस्त्यावर एका वेगात जाताना गाडी बारीक थरथरते, जणू रस्त्यावर बारीक पट्टे आहेत, आणि आरपीएमचा काटा थोडा खाली-वर होतो. इथे टॉर्क कन्व्हर्टरमधल्या लॉकअप क्लचवर संशय घ्यावा. सगळा गिअरबॉक्स गेला असा त्याचा अर्थ होत नाही.

फोर बाय फोरमध्ये एक संशयित जास्त असतो

साध्या गाडीत गिअरबॉक्समधून ताकद सरळ चाकांकडे जाते. फोर बाय फोरमध्ये मध्ये अजून एक डबा असतो, ट्रान्स्फर केस. पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटण्याचं काम त्याचं. टू हाय, फोर हाय, फोर लो हे पर्याय तिथूनच चालतात.

जुन्या गाडीत हे पर्याय बदलणारी मोटर किंवा लिव्हरची जोडणी अर्ध्यात अडकली तर ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये राहू शकते. मग 'डी'मध्ये टाकूनही इंजिन नुसतंच फिरतं आणि गिअरबॉक्स गेल्यासारखं वाटतं. याची एक धोकादायक खूण आहे. ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये असताना गिअर 'पी'मध्ये असला तरी गाडी उतारावर गडगडू शकते. म्हणून अशा गाडीला हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा आणि मगच खाली वाका.

चालताना कड्कड् असा आवाज येऊन झटका बसत असेल, तर ट्रान्स्फर केसमधली सैल झालेली साखळीही कारण असू शकते. घसरणाऱ्या क्लचप्लेटा सहसा असा आवाज करत नाहीत.

आणि हे तपासायला कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर हाय किंवा फोर लो टाकू नका. गरजेपुरतं फोर बाय फोर लागणाऱ्या गाड्यांमध्ये पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण थेट ट्रान्स्फर केसवर येतो. मातीचा रस्ताच बघा.

पहिली तपासणी: ऑईल

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त सांगणारी तपासणी हीच.

डिपस्टिक असलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑईल सपाट जागेवर, गाडी गरम असताना आणि इंजिन चालू ठेवून बघतात. गिअर 'पी'मध्ये हवा की 'एन'मध्ये, हे गाडीसोबतच्या पुस्तकात दिलेलं असतं. इंजिन ऑईलसारखं गाडी बंद करून बघितलं तर लेव्हल चुकीची दिसते. काही गाड्यांना ही डिपस्टिकच नसते. तिथे गाडी लिफ्टवर घेऊन, ठरलेल्या तापमानाला खालचा प्लग उघडून लेव्हल बघावी लागते. 'डिपस्टिक नाही म्हणजे ऑईल बघायची गरज नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

लेव्हलसोबत रंग आणि वासही बघा.

स्वच्छ लालसर ऑईल असेल तर चांगली गोष्ट. काळपट तपकिरी आणि जळका वास असेल तर क्लचप्लेटा तापल्या आहेत. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी, दुधाळ दिसत असेल तर ऑईलमध्ये पाणी किंवा कूलंट शिरलंय. अशी गाडी तिथेच थांबवा, कारण पाण्याने प्लेटांचं अस्तर सुटतं. फेस दिसत असेल तर ऑईल जास्त झालं असू शकतं आणि फेसाळलेलं ऑईल दाब धरत नाही.

ऑईल कमी असेल तर ते गेलं कुठे, हे शोधायलाच हवं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, सकाळी डाग कुठे पडलेत ते बघा. चेंबरचं गॅस्केट, कूलरचे पाईप आणि शाफ्टचे सील या नेहमीच्या जागा.

पण फोर बाय फोरमध्ये एक गळती अशी असते की पुठ्ठ्यावर थेंबही पडत नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्यामधलं सील खराब झालं, तर काही गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑईल ट्रान्स्फर केसमध्ये जातं. बाहेर सगळं कोरडं, गिअरबॉक्स उपाशी आणि ट्रान्स्फर केस तुडुंब. म्हणून दोन्हीकडची लेव्हल एकाच वेळी तपासायला सांगा.

ऑईल भरताना गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच भरा. 'लाल आहे ना, मग चालतंय' हा हिशोब इथे चालत नाही.

दुसरी तपासणी: स्लिप कधी होते ते लिहून ठेवा

डॉक्टरकडे जाताना ताप कधी येतो ते आपण सांगतो, तसंच हे. चार-पाच दिवस नोंद ठेवली तरी मेकॅनिकचं काम निम्मं होतं.

सकाळी गार असताना 'डी' टाकल्यावर उशीर लागतो आणि नंतर सुधारतं: ऑईल कमी असणं किंवा आतली रबरी सील कडक होणं.

गार असताना ठीक, तासभर चालल्यावर घाटात स्लिप: गरम ऑईल पातळ होतं, त्यामुळे झिजलेला पंप, सील किंवा व्हॉल्व्ह बॉडी यांच्यातून दाब निसटतो.

फक्त चढावर किंवा वळणावर: ऑईल कमी असेल तर ते एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो.

एकाच गिअरमध्ये, उदाहरणार्थ तिसरा पडतानाच: त्या गिअरचा क्लच किंवा सोलेनॉइड.

सगळ्याच गिअरमध्ये आणि रिव्हर्सलाही: ऑईल, फिल्टर, पंप किंवा टॉर्क कन्व्हर्टर.

तिसरी तपासणी: स्कॅनर

२००८ मध्ये महिंद्राने स्कॉर्पिओ सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये आणली. तो गिअरबॉक्स डीएसआय या ऑस्ट्रेलियन कंपनीचा होता. तेव्हापासूनच्या अशा गाड्यांत गिअरबॉक्स कॉम्प्युटरवर चालतो आणि काही बिघडलं की तो कोड साठवून ठेवतो.

पी ०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. पी ०७३१ पासून पुढचे कोड कोणत्या गिअरमध्ये ते सांगतात. पी ०७४१ लॉकअप क्लचबद्दल असतो, पी ०२१८ म्हणजे गिअरबॉक्स जास्त तापला आणि पी ०७५० पासून सोलेनॉइडची मालिका सुरू होते. मोबाईलला जोडायचे स्वस्त स्कॅनर अनेकदा फक्त इंजिनचे कोड वाचतात, म्हणून गिअरबॉक्स वाचणारा स्कॅनर आहे का ते आधी विचारा. आणि कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.

फक्त कोड बघून पार्ट बदलू नये. सोलेनॉइडचा कोड तुटलेल्या वायरमुळे किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेल्यानेही येऊ शकतो.

चौथी तपासणी मेकॅनिकची: प्रेशर आणि चेंबर

गिअरबॉक्सला गेज लावून ऑईलचा दाब मोजता येतो. दाबच कमी असेल तर पंप, फिल्टर, व्हॉल्व्ह बॉडीकडे बघायचं. दाब बरोबर असूनही स्लिप होत असेल तर क्लचप्लेटा झिजल्याची शक्यता वाढते.

मग चेंबर खाली उतरवतात. आतल्या चुंबकावर बारीक राखाडी गाळ असणं वयानुसार ठीक आहे. पण धातूचे तुकडे किंवा प्लेटांच्या अस्तराचा काळा चुरा मिळाला, तर गिअरबॉक्स खोलण्याला पर्याय नाही. अशा वेळी नवीन ऑईल टाकून काही होत नाही, कारण जळलेलं अस्तर परत येत नाही.

ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची 'स्टॉल टेस्ट' घरी करू नका. काही सेकंदांत ऑईल प्रचंड तापतं आणि चुकून ब्रेक सुटला तर समोरच्याच्या जिवावर बेततं.

आपल्याकडच्या वापरात काय सांभाळायचं?

बीडचा उन्हाळा चाळिशी पार करतो. गिअरबॉक्सचं ऑईल बऱ्याच गाड्यांत रेडिएटरमधल्या किंवा त्याच्या पुढच्या कूलरमध्ये गार होतं. शेतातली धूळ आणि काळी माती त्या जाळीत बसली की ऑईल गार होत नाही. जाळी साफ ठेवणं हा बिनखर्चाचा उपाय आहे.

पावसाळ्यात नाल्यातून गाडी घातली असेल तर गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑईल बघून घ्या. गरम डबा पाण्यात अचानक गार झाला की श्वास घेण्याच्या नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढतो.

आणि चिखलात रुतलेली गाडी 'डी-आर, डी-आर' करत हलवण्यापेक्षा ट्रॅक्टर बोलावलेला बरा. चाकं फिरत असतानाच गिअर उलटा पडला की सगळा मार क्लचप्लेटांवर बसतो.

टोचन करून नेऊ नका

बीडहून छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला न्यायची म्हणून बंद ऑटोमॅटिक फोर बाय फोर दोरीने टोचन करणं ही मोठी चूक ठरते. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. चाकं फिरतात तेव्हा आतले भागही फिरतात, पण ऑईल पोहोचत नाही. दुरुस्त होऊ शकणारा गिअरबॉक्स असा वाटेतच संपतो. चारही चाकं वर राहतील अशी फ्लॅटबेड गाडीच बोलवा. काही गाड्यांत ट्रान्स्फर केस न्यूट्रल करून टोचन चालतं, पण गाडीच्या पुस्तकात तसं लिहिलेलं असेल तरच.

गॅरेजमध्ये हे पाच प्रश्न विचारा

ऑईलची लेव्हल आणि रंग काय निघाला? कोणते कोड मिळाले? प्रेशर किती आलं आणि किती हवं होतं? चेंबरमध्ये काय सापडलं? ट्रान्स्फर केस तपासली का? यातल्या एकाचंही उत्तर नसेल, तर 'गिअरबॉक्स गेला' हा अजून अंदाजच आहे.

खोलायचं ठरलंच, तर खर्चाचा अंदाज लेखी घ्या, बदललेले जुने पार्ट परत मागा आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवा आहे. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि त्यासाठी संभाजीनगरला किंवा पुण्याला जायची गरज नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते. फक्त हातात कागद हवा.

जुनी ऑटोमॅटिक घ्यायचा विचार असेल, तर विकणाऱ्याला सांगून ठेवा की गाडी सकाळी सुरू न करता गार ठेव. गार इंजिनवर 'डी' आणि 'आर' टाकून बघा, मग तासभर चालवून एखादा घाट चढा. गार आणि गरम अशा दोन्ही वेळी गाडी नीट चालली, तरच पुढची बोलणी करा.