मनात रुतलेली खुंटी

कामावरून थकून घरी येतो, ताटावर बसतो, पण डोक्यात मात्र दुपारचा मुकादमाचा शब्दच फिरत राहतो. पोराला गुण कमी पडले की 'आपल्या नशिबातच नाही' हे आपसूक तोंडून निघते. नशिबाला तर आपण १९५६ साली दीक्षाभूमीवरच रामराम केला, तरी हा शब्द घरात रेंगाळतोच.

तथागतांनी मज्झिम निकायातील वितक्कसंठान सुत्तात यावर पाच उपाय सांगितले आहेत. सुतार जशी जाड खुंटी बारीक खुंटीने ठोकून बाहेर काढतो, तसा वाईट विचार चांगल्या विचाराने काढावा. न जमल्यास त्या विचाराचे दुष्परिणाम पाहावेत. तरी न गेल्यास त्याकडे लक्ष देऊ नये. मग धावणारा माणूस जसा आधी चालतो, थांबतो, बसतो, तसा तो हळूहळू शांत करावा. दात आवळून मनाला आवरणे हा अगदी शेवटचा उपाय.

मग अन्यायही विसरायचा काय? मुळीच नाही! १९१७ साली बडोद्यात नोकरीला गेलेल्या बाबासाहेबांना जातीमुळे पारशी धर्मशाळेतून हाकलण्यात आले. राहायला जागा मिळेना म्हणून ते मुंबईला परतले. १९१८ साली त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि १९२३ साली डी. एस्सी. मिळवली. बडोद्याचा अपमान ते विसरले नाहीत. तो त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला. पण त्या अपमानापायी अभ्यास थांबू दिला नाही.

आम्हांला वाटते, इथेच फरक ओळखावा. झालेला अन्याय ही वस्तुस्थिती आहे. त्याची नोंद ठेवावी, तक्रार करावी, संघटनेकडे जावे. 'आपल्याच्याने होणार नाही' हा मात्र नुसता विचार आहे. ती खुंटी काढलीच पाहिजे.

त्यासाठी संध्याकाळी वंदना झाल्यावर घरातल्या प्रत्येकाने आज जमलेली एक गोष्ट सांगावी. आईनेही सांगावी, कारण तिचे काम कोणी मोजत नाही. गुण कमी पडलेल्या मुलाला 'कुठे अडले?' एवढेच विचारावे आणि तो धडा त्याच्यासोबत उघडावा. एखाद्याची झोप-भूक कित्येक दिवस उडाली असेल, तर मात्र उपदेश करत बसू नये. सरकारी रुग्णालयात दाखवावे, किंवा १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोलावे. ताप आल्यावर डॉक्टरकडे जायला आपण लाजतो काय?