इंजिनाचा श्वास

मोटारीत आपण पेट्रोल भरतो, म्हणून ती पेट्रोलवर चालते असे आपण समजतो. हिशेब मांडला तर ती जास्त खाते ती हवा. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एका लिटरमागे ९ हजार लिटरांच्या आसपास. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तेवढ्याच उंच खोलीतली सगळी हवा गाडी तीन लिटर पेट्रोलबरोबर पिऊन टाकते. पेट्रोलचा भाव आपल्याला तोंडपाठ असतो. हवा फुकटची, म्हणून तिची चौकशी कोणी करत नाही.

सोयगावात ही चौकशी निघाली ती आमच्या गल्लीतल्या एका मुलामुळे. तो पुण्यात नोकरीला; आई अजूनही हंगामात जिनिंगवर जाते. दिवाळीला तो जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेऊन आला. ऑक्टाव्हिया २००१ पासून आपल्याच जिल्ह्यात, शेंद्र्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली. व्हीआरएस ही तिची टर्बो इंजिनाची बहीण. चेहरा घरंदाज, स्वभाव शर्यतीचा.

"काका, कंपनीच्या डब्यात इंजिनाचा जीव गुदमरतो. डबा काढून उघडा कोन फिल्टर लावणार," तो म्हणाला.

त्याचे म्हणणे अगदीच पोरकट नव्हते. फिल्टरचा अडथळा कमी झाला, तर इंजिन मोकळा श्वास घेते. शर्यतीच्या गाड्यांत म्हणूनच तसे करतात. अशा फिल्टरांत प्रसिद्ध अमेरिकन नाव के अँड एन. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही कंपनी. त्यांचा फिल्टर कशाचा? तेल लावलेल्या सुती जाळीचा! ज्या तालुक्याचे सारे गणित कापसावर, तिथे कापूसच परदेशी रुबाबात परत येणार होता.

पण उघड्या कोनाची एक गोम आहे. तो बॉनेटखाली इंजिनाशेजारी बसतो आणि तिथलीच तापलेली हवा ओढतो. बाहेर ४० अंश आणि आत ७० अंश असले, तर आतली हवा जवळजवळ ९ टक्क्यांनी विरळ. तोंड मोठे झाले, पण घास हलका झाला. बाकी काही न बदलता नुसता फिल्टर बदलला, तर ताकद वाढते थोडी. वाढतो तो मुख्यतः आवाज. दुसरा उपाय म्हणजे लांब नळी टाकून खालून, बंपरजवळून गार हवा घेणे. पावसाळ्यात फरशीपुलावर गुडघाभर पाणी असताना ती नळी हवेऐवजी पाणी ओढते. पाणी दाबले जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

गावातले मिस्त्री जन्मभर ट्रॅक्टरवर हात काळे केलेले. ते एवढेच म्हणाले, "हवा किती जाते ते नंतर बघू. कशी जाते ते आधी सांग."

बँकेत असताना ट्रॅक्टरच्या कर्जाची पाहणी करायला मी शिवारात जात असे. तेव्हापासून ही भाषा मला कळते. जुन्या ट्रॅक्टरचा फिल्टर म्हणजे तेलाची वाटी. हवा तेलावरून वळते, धूळ तेलात बसते. ज्याने वाटीतला चिखल वेळेवर काढला, त्याचा ट्रॅक्टर हप्ते फेडून वर टिकायचा. ज्याने काढला नाही, त्याचा निळा धूर बांधावरूनच दिसायचा. मातीतली वाळू लोखंडालाही घासते. रिंगा झिजतात, ऑइल जळते, आणि हप्ते संपायच्या आत इंजिन खोलावे लागते.

शेवटी मधला मार्ग निघाला. कंपनीचा डबा आणि गार हवेची वाट तशीच ठेवायची. आत कागदी फिल्टरच्या जागी त्याच मापाचा सुती फिल्टर. गाडीच्या मूळ रचनेला धक्का नाही. तेही महत्त्वाचे, कारण २०१९ पासून नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकते.

डबा उघडला तेव्हा हवेच्या वाटेत रुईचे पुंजके आणि वाळकी पाने सापडली. जीव गुदमरत होता तो त्यांनी! मिस्त्रींनी डबा ओल्या फडक्याने पुसला, फिल्टर बसवला आणि मुलाला बजावले: धुतला तर सावलीत वाळव, प्रेशरची हवा मारू नको, तेल बेताने लाव. जास्तीचे तेल पुढे उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते.

मुलाने हळद्याच्या घाटात, वेताळवाडीच्या किल्ल्याखालून दोन चकरा मारल्या आणि खुशीत परतला. आठवड्याने मिस्त्रींनी फिल्टरपलीकडची नळी सोडवली आणि आत पांढरे फडके फिरवले. फडक्यावर राखाडी पट्टा उमटला. फिल्टरची रबरी कड एका कोपऱ्यात दुमडली होती. बोटभर फटीतून सोयगावची धूळ थेट इंजिनात जात होती. कड नीट बसवली, चार दिवसांनी पुन्हा फडके फिरवले. पांढरे आले. बाहेरचा फिल्टर घेणाऱ्याने ब्रँडच्या आधी हे फडके विकत घ्यावे.

तो राखाडी रंग मला ओळखीचा वाटला. सोयगाव, शेंदुर्णी, पाचोरा या पट्ट्यात जिनिंगवर जाणाऱ्या बाया नाकातोंडावर ओढणी नाहीतर पदर बांधतात. संध्याकाळी तो सोडला की आतली बाजू अशीच दिसते. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस नावाचा दमा जडतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही त्याची जुनी खूण. इंजिनाच्या रिंगा नव्या टाकता येतात.

मुलगा हे ऐकून काही बोलला नाही. संक्रांतीला पुण्याहून आला तेव्हा डिकीत फिल्टरच्या तेलाची बाटली होती. शेजारी धुळीच्या चांगल्या मास्कचा खोका होता, आईच्या नि तिच्याबरोबरच्या बायांच्या नावाचा.