फ्यूशियाचें झाड आणि त्याची माती

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचें लंडनहून पत्र आलें. ती तेथें एका इस्पितळांत परिचारिका आहे. नव्या घराच्या परसांत तिनें मोठ्या हौसेनें फ्यूशियाचें रोप लाविलें होतें. ‘हें काटक जातीचें आहे, बाहेरच्या थंडींत टिकेल,’ असें विकणारानें सांगितलें होतें. परंतु पहिल्याच हिवाळ्यांत तें वाळलें, आणि एप्रिलांत तिनें तें उपटून टाकिलें. शेजारणीचें तसलेंच झाड मात्र दरवर्षीं फुलतें. ‘सर, माझें काय चुकलें तें कळवा,’ असें तिनें लिहिलें होतें. तिला जें उत्तर पाठविलें, तेंच थोडें विस्तारून येथें देत आहें. कारण त्यांतील माती आणि पाणी यांचा विचार आपल्या बागांनाही लागू पडतो.

फ्यूशियाचीं फुलें कानांतल्या डुलांप्रमाणें खालीं लोंबतात. वरच्या पाकळ्या तांबड्या, आंतल्या जांभळ्या. सोळाव्या शतकांतील जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लेओनहार्ट फुक्स याचें नांव या झाडास प्लुमिए नामक फ्रेंच धर्मबंधूनें १७०३ सालीं छापलेल्या ग्रंथांत दिलें. प्लुमिएनें पाहिलेली जात मात्र वेस्ट इंडीज बेटांतील, उष्ण हवेची होती. विलायतेंतील बहुतेक काटक जातींचें मूळ निराळें आहे. त्या दक्षिण अमेरिकेच्या अगदीं टोंकाकडील, चिली व अर्जेंटिना या देशांतील मॅगेलॅनिका या जातीपासून निघाल्या. तेथें पाऊस पुष्कळ, हवा थंड, आणि झाडें ओढ्यांच्या कांठीं व रानाच्या कडेला वाढतात. गुंजन करणारे चिमुकले पक्षी त्यांतील मध चाखतात. तेथील पुष्कळशी जमीन ज्वालामुखीच्या राखेची आहे. ती ओल धरून ठेवते, पण पाणी तुंबूं देत नाहीं. या झाडाला काय हवें, हें एवढ्या वर्णनांतच आलें.

‘काटक’ या शब्दानें पुष्कळांची फसगत होते. काटक फ्यूशिया थंडींत जशीच्या तशी उभी राहते, असें नव्हे. कडक हिवांत तिच्या फांद्या बहुधा वाळतात. जीव राहतो तो जमिनीखालीं, आणि उन्हाळा जवळ आला म्हणजे बुडख्यापासून नवे कोंब फुटतात. अर्थात् तिचें काटकपण मुळांवर अवलंबून, आणि मुळांचें आयुष्य मातीवर.

आतां लंडनची माती पाहूं. त्या शहराच्या मोठ्या भागाखालीं जड चिकणमाती आहे. आपल्या देशावरील काळ्या जमिनीप्रमाणेंच ती उन्हाळ्यांत भेगाळते व ओली झाली कीं फुगते. तिचे कण एक मिलिमीटरच्या पांचशेव्या भागाहूनही बारीक असतात. असले कण एकमेकांस चिकटून बसले म्हणजे मधल्या सूक्ष्म फटींत पाणी अडकून राहतें. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. पाण्यांतून प्राणवायु हवेच्या मानानें सुमारें दहा हजार पटींनीं मंद गतीनें सरकतो. म्हणून फटी पाण्यानें भरल्या कीं मुळें गुदमरतात, मग कुजतात. हिवाळ्यांत तिकडे ऊन मंद असतें, झाडही पाणी ओढीत नाहीं. तुंबलेलें पाणी महिनेंच्या महिने तसेंच राहतें. माझ्या विद्यार्थिनीचें रोप थंडीनें मेलें असें तिला वाटलें; मला मात्र तें बुडून मेलें असावें असें वाटतें.

हें अनुभवाचें बोल आहेत. उटकमंडहून आणलेली फ्यूशियाची एक छाट मीं आमच्या आवारांतील काळ्या मातींत लाविली होती. श्रावणांत ती मान टाकूं लागली, तेव्हां पाणी कमी पडलें असें समजून मीं आणखी एक घागर ओतली! उपटून पाहतों तों मुळें काळीं पडून बुळबुळीत झालेलीं. आमच्याकडील उकाडा तिला मानवला नसता हें खरें. पण मरण लवकर आणिलें तें माझ्या घागरीनें.

येथें कोणी विचारील कीं, आयर्लंडच्या केरी व कॉर्क प्रांतांत तर पाऊस अतोनात, मग तेथें रस्त्यांच्या दुतर्फा फ्यूशियाचीं कुंपणें कशीं माजतात? (आयरिश भाषेंत या फुलांना ‘देवाचे अश्रू’ म्हणतात.) समुद्राच्या उबदार प्रवाहामुळें तेथील हिवाळा सौम्य असतो, हें एक कारण. दुसरें असें कीं, हीं कुंपणें बहुधा मातीदगडांच्या बांधांवर असतात. बांध म्हटला म्हणजे त्यावर पाणी थांबत नाहीं, हें शेतकऱ्याच्या मुलास सांगणें नलगे.

म्हणून तिला पहिली गोष्ट सुचविली ती मातीची परीक्षा. वीतदीड वीत खोल खड्डा करून तो पाण्यानें भरावा; दुसऱ्या दिवशींही पाणी उरलें तर निचरा वाईट. मग काय करावें? पुष्कळ लोक चिकणमातींत लहानसा खड्डा खणून त्यांत विकतचें उत्तम खत भरतात. ही मोठी चूक होय. भोंवतालचें सारें पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यांत उतरतें आणि त्याची विहीर बनते. मूठभर वाळू कालवूनही कांहीं साधत नाहीं. त्यापेक्षां रुंद वाफा खणून त्यांत कुजलेल्या पानांचें खत व जाड खडी भरपूर मिसळावी, आणि वाफा भोंवतालच्या जमिनीहून वीतभर उंच करावा. ओल्या चिकणमातींत पाय देऊं नये. वाफसा आल्यावरच खणावें.

रेताड जमिनींत उलट अडचण येते. पाणी टिकत नाहीं, उन्हाळ्यांत कळ्या गळतात. तेथेंही उपाय पानांच्या खताचाच. फक्त वाफा उंच करूं नये. माती किंचित् आंबट असो वा चुनखडीची, फ्यूशिया फारशी कुरकूर करीत नाहीं.

लावण वसंताच्या अखेरीस करावी, म्हणजे हिवाळ्यापूर्वीं मुळें पसरतात. रोप कुंडींत होतें त्याहून दोन इंच खोल बसवावें. मातीखालीं थंडी हवेइतकी तीव्र नसते, आणि बुडख्यावरील डोळे त्या पांघरुणाखालीं सुरक्षित राहतात. शरद् ऋतूंत पानांचा जाड थर पसरावा. वाळक्या फांद्या वसंतापर्यंत कापूं नयेत.

शेवटीं तिच्या एप्रिलांतील घाईविषयीं लिहिलें. फ्यूशियाचे कोंब कधीं कधीं मे उलटून जूनपर्यंतही दिसत नाहींत. उपटण्यापूर्वीं बुडख्याची साल नखानें खरवडून पाहावी; आंत हिरवें दिसलें तर वाट पाहावी. यावर तिचें उत्तर आलें कीं, उपटलेलें रोप टाकून देतांना मुळें पाहण्याचें तिला सुचलें नव्हतें. आतां शेजारणीकडून एक छाट घेऊन तिनें अंगणाच्या कोपऱ्यांत वीतभर उंच वाफा बांधिला आहे.