पुड्यावर न छापलेला आकडा

धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ज्वारी, हरभरा आणि सोयाबीन यांची ओळख करून द्यायला नको. ही धान्ये आपण पोत्यांनी आडतीवर घालतो. आणि लेकराच्या अंगात ताकद यावी म्हणून त्यांच्याच मिश्र पिठाचा रंगीत पुडा दुकानातून विकत आणतो! त्यात सोयाबीन किती असते हो? चिमूटभर की पसाभर?

पुड्यावर प्रथिने आणि स्निग्धांश छापावेच लागतात. घटकांची नावेही वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागतात. कॅल्शियम छापण्याची मात्र सरसकट सक्ती नाही. आणि वाढत्या हाडांना, अंगावर पाजणाऱ्या आईला ते तर हवेच. छापलेल्या आकड्यांवरून न छापलेला आकडा काढण्याची एक रीत आहे. तिला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. नाव ऐकून पान उलटू नका.

समजा, पुड्यावर लिहिले आहे: ज्वारी, हरभरा डाळ, सोयाबीन, १०० ग्रॅममध्ये प्रथिने १६ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ अन्नपदार्थांची कोष्टके छापली. त्यातले आकडे ढोबळ करून घेऊ. १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिने १० ग्रॅम, हरभरा डाळीत २२, सोयाबीनमध्ये ३६. कॅल्शियम अनुक्रमे २८, ४६ आणि १९५ मिलिग्रॅम.

आता अटी पाहा. तिन्हींची बेरीज १००. ज्वारी डाळीपेक्षा कमी नाही, डाळ सोयाबीनपेक्षा कमी नाही. प्रथिने बरोबर १६. या अटी म्हणजे शेताचे बांध समजा. बांधाच्या आत बसणारी मिश्रणे पुष्कळ, पण सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा बांधांच्या कोपऱ्यावरच सापडतो. एका कोपऱ्यावर ज्वारी ५०, डाळ ५०, सोयाबीन जवळजवळ शून्य! दुसऱ्यावर ज्वारी ६८, डाळ १६, सोयाबीन १६. म्हणजे कॅल्शियम ३७ ते ५७ मिलिग्रॅमच्या मध्ये कुठेतरी.

अंतर फार झाले ना? मग स्निग्धांश वाचा. तो ४.४ ग्रॅम असेल तर सोयाबीन ८ टक्क्यांच्या आसपास येते आणि कॅल्शियम ४७ वर. तेल सोयाबीनमध्येच जास्त, म्हणून ते चुगली करते. घटक दहा-बारा असले की मात्र हा हिशेब संगणकावरच करावा. शिवाय धान्यागणिक आकडे थोडे हलतात, तेव्हा उत्तर अंदाजच समजायचे.

याच गणिताने पूर्वी एक गंमत केली होती. अमेरिकेत जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ साली पोषक पण सर्वांत स्वस्त आहाराचा वर्षाचा खर्च अंदाजाने ३९.९३ डॉलर काढला. १९४७ साली डँटझिग यांच्या नव्या रीतीने तो पडताळायला नऊ कारकुनांना हाताच्या यंत्रांवर मिळून १२० दिवसांचे काम पडले. उत्तर आले ३९.६९! अंदाजाने इतके जवळ जाणारा माणूस आपल्या आजीच्याच जातकुळीचा म्हणायचा.

घरी करायचे तर ६ किलो ज्वारी, ३ किलो हरभरा डाळ, १ किलो सोयाबीन घ्या. वरच्याच आकड्यांनी प्रथिने १६ च्या थोडी वर आणि कॅल्शियम ५० भरते. सोयाबीन गिरणीत नेण्याआधी चांगले भाजून घ्या. कच्चे पचत नाही. या पिठाची भाकरी थापताना तुटेल, पण धपाटे छान होतात.