कलेक्टर म्हणजे जिल्ह्याचा राजा?

गैरसमज: पुणे जिल्ह्यातल्या कासार आंबोलीसारख्या गावाचा शेतसारा गोऱ्या कलेक्टरच्या मर्जीवर ठरायचा.

वस्तुस्थिती: तो अधिकार त्याच्याकडे नव्हता. 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरात मोजणी सुरू केली, ती पुढे जिल्हाभर गेली. जमिनीची प्रत पाहून मोजणी खातं शेतसाऱ्याचा आकार बांधायचं, तोही तीस वर्षांसाठी. कलेक्टरकडे उरायची वसुली, आणि तिच्यासोबत फौजदारी, खजिना, अबकारी, तगाई म्हणजे शेतीसाठीचं सरकारी कर्ज.

गावाची गाठ कलेक्टरशी क्वचितच पडे. कासार आंबोली मुळशीतलं, आणि मुळशी तेव्हा हवेली तालुक्यातला पेटा, म्हणजे पोटविभाग होता. पौडला पेट्याचा अधिकारी महालकरी आणि गावात पाटील-कुलकर्णी, एवढंच सरकार रोज दिसायचं. खरी झटापट व्हायची आणेवारीवर, म्हणजे पिकाच्या अंदाजावर. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. ते चार आण्यांच्या आत आलं तर त्या वर्षीची वसुली तहकूब व्हायची. तहकूब म्हणजे माफ नव्हे, पुढे ती भरावीच लागे. उभ्या पिकाकडे बघून शेतकरी म्हणणार तीन आणे, महसुली अधिकारी लिहिणार सहा. 1918 मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सत्याग्रह झाला तो याच आकड्यावरून.

गैरसमज: साहेबाचा दौरा म्हणजे शिकार.

वस्तुस्थिती: शिकार होईच, पण दौरा नोकरीचाच भाग होता. पावसाळा सरला की कलेक्टरच्या हाताखालचे प्रांतसाहेब तंबू घेऊन निघायचे. कुलकर्ण्याचं दप्तर तपासायचं, हद्दीचे दगड जागेवर आहेत का बघायचं, गाऱ्हाणी ऐकायची. मुक्कामाचं दूध, वैरण, गाड्या गावानेच पुरवायच्या. त्याचे पैसे पुरते मिळत नाहीत, ही तक्रार जुनीच.

तालुक्याचा मामलेदार इंग्रजांनी आणला, हीही समजूत चुकीची. ते पद पेशवाईतलं. 1818 नंतर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ते कायम ठेवलं.

गैरसमज: मुळशी धरणाच्या वेळी कलेक्टरला वाटलं असतं तर जमिनी वाचल्या असत्या.

वस्तुस्थिती: 1894 च्या भूसंपादन कायद्यात त्याचं काम जमीन मोजण्याचं आणि मोबदला ठरवण्याचं. शेवटचा निर्णय मुंबई सरकारचा. सेनापती बापट आणि मावळे 1921 मध्ये सत्याग्रहाला उतरले ते टाटांच्या धरणाविरुद्ध. मोबदल्याचा निवाडा मान्य नसेल तर शेतकऱ्याला दिवाणी कोर्टात जाता येई, पण तिथे क्षेत्र, किंमत आणि वाटणी एवढ्यावरच बोलता यायचं. जमीन द्यायचीच नाही, असं म्हणायला त्या कोर्टात जागा नव्हती.