विनोदांतील बालवृत्ति



निलंग्याचा एखादा विद्यार्थी दहावी होऊन लातुरास शिकवणीसाठीं निघाला, कीं घरचीं वडीलधारीं माणसें त्यास सांगतात, "आतां पोरखेळ पुरे, जरा गंभीर हो." उपदेश मायेचाच असतो. स्पर्धा तीव्र, आणि लातूरचें नांव तर परीक्षांच्या निकालांसाठींच गाजलेलें. परंतु गंभीर होणें म्हणजे हंसणें सोडणें, अशी त्या मुलाची समजूत झाली, तर त्याच्या हातचें एक मोठें साधन निसटतें.

पोरकटपणा आणि बालवृत्ति हीं एक नव्हेत. पोरकट मनुष्य दुसऱ्याच्या व्यंगास हंसतो. बालवृत्तीचा मनुष्य जगाकडे प्रथमच पाहिल्यासारखा पाहतो. मोठ्यांना जें संवयीनें स्वाभाविक वाटतें, त्यांतील विसंगति मुलास चटकन दिसते. कारण मानपानाचें ओझें अद्याप त्याच्या डोक्यावर पडलेलें नसतें.

आपल्या मराठवाड्यांत या वृत्तीचा आदर्श पैठणास सांपडतो. सोळाव्या शतकांत भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिणारे एकनाथमहाराज भारुडांत मात्र विंचू चावल्याचा आकांत मांडतात. श्रोता हंसतो, आणि हंसतां हंसतांच तो विंचू म्हणजे काम-क्रोध, हें त्यास उमगतें.

ऐन तारुण्यांतील उदाहरण पाहावयाचें, तर राम गणेश गडकरी यांचें. १८८५ सालीं जन्मलेले गडकरी १९१९ च्या जानेवारींत, वयाचें चौतिसावें वर्षहि पुरें होण्यापूर्वीं निवर्तले. विनोदी लेखनासाठीं त्यांनीं टोपणनांव घेतलें तें 'बाळकराम'! ठकीसाठीं वर शोधण्याचा खटाटोप हा बाळकराम इतक्या भोळेपणानें सांगतो, कीं लग्नाच्या बाजारांतील विपरीत रीति वाचकास आपोआप दिसूं लागतात. आणि मद्यपानानें उद्ध्वस्त झालेल्या संसाराची शोककथा 'एकच प्याला' हीहि त्याच लेखणीची! बालवृत्ति ही गांभीर्याची वैरीण नव्हे, याचें याहून चांगलें प्रमाण कोणतें?

ही वृत्ति जपण्याची कसोटी सोपी आहे. आपल्या विनोदांत आपण स्वतः सांपडतों कीं नाहीं, एवढेंच पाहावें. स्वतःच्या फजितीस हंसूं शकणारा तरुण एका अपयशानें सहसा खचून जात नाहीं. मात्र हंसरा मुलगा दुःखी नसतोच, असेंहि पालकांनीं समजूं नये.

म्हणून सुट्टींत घरीं आलेल्या मुलास गुण विचारण्यापूर्वीं तिकडे काय गंमत झाली, तें विचारावें. तो खुलून सांगूं लागला, तर उत्तमच. सांगण्याजोगें त्याजपाशीं कांहींच नसेल, तर तीहि गोष्ट गुणपत्रिकेइतक्याच काळजीनें पाहण्यासारखी आहे.