लांबणारी पाळी आणि बीजांडकोशातल्या 'गाठी'

सोनोग्राफीच्या कागदावर 'पीसीओडी' ही चार अक्षरे आली की आपल्याकडे घरात पहिला प्रश्न निघतो तो मुलीच्या तब्येतीचा नसतो, तिच्या लग्नाचा असतो. "गाठी आहेत म्हणे, आता मूल होईल का?" सोमेश्वरनगर, करंजेपूल, वाणेवाडी, निंबूत, वडगाव निंबाळकर या पट्ट्यातल्या आया हा प्रश्न डॉक्टरांना दबक्या आवाजात आणि मुलीला बाहेर बसवून विचारतात. मग कुणी तो कागद कपाटात दडवून ठेवते, कुणी घाईघाईने स्थळे पाहू लागते, तर कुणी गाठी विरघळवणाऱ्या पुड्या घेऊन येते. या तिन्ही गोष्टींनी त्या मुलीचे नुकसानच होते. तेव्हा हा विकार म्हणजे नेमके काय आणि त्यात कशाला भ्यायचे, कशाला नाही, हे नीट समजून घेऊ.

सर्वप्रथम ही गोष्ट लक्षात घ्यावी की या 'गाठी' गाठी नव्हेतच. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजांडकोश असतात. दर महिन्याला त्यांत काही बीजे वाढीस लागतात, त्यातले एक पुढे जाते, पक्व होते आणि बाहेर पडते. बाकीची जिरून जातात. या विकारात पुढे जाणारे बीजच ठरत नाही. सगळीच थोडीथोडी वाढून अर्ध्यावर थांबतात. वाफ्यात रोपे दाट उगवावीत आणि एकालाही जोर धरता येऊ नये, तसा हा प्रकार आहे. दोन ते नऊ मिलिमीटरचे हे अडकलेले बीजपुटक सोनोग्राफीत काळ्या मण्यांच्या माळेसारखे दिसतात. त्यांचा कर्करोग होत नाही, ते फुटून धोका होत नाही, आणि ते काढून टाकण्यासाठी पोट उघडण्याचे कारण नाही. पीसीओडी आणि पीसीओएस ही दोन नावे व्यवहारात एकाच विकारासाठी वापरली जातात.

शिकागोच्या स्टाईन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांची हकीकत छापली. त्यांनी बीजांडकोशाचा एक तुकडा कापून काढला आणि साऱ्यांची पाळी सुरू झाली. त्यामुळे दोष बीजांडकोशात आहे अशी समजूत पुढे कित्येक वर्षे टिकली. वास्तविक १९२१ सालीच पॅरिसच्या दोन वैद्यांनी दाढी येणाऱ्या स्त्रियांतील मधुमेहाचे वर्णन करून ठेवले होते; पण हे दोन धागे जोडले गेले ते १९८० नंतर. मधला दुवा होता इन्सुलिन.

तो दुवा असा. आपण खाल्लेली साखर पेशींत पोचवण्याचे काम इन्सुलिन करते. काहींचे शरीर इन्सुलिनला लवकर दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जादा प्रमाणात तयार करते. हे जादा इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके अधिक बनवायला लावते. ही संप्रेरके प्रत्येक स्त्रीच्या शरीरात थोडी असतातच. ती वाढली की बीज पक्व होत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर, ओठांवर, छातीवर राठ केस येतात, मुरमे जात नाहीत, डोक्यावरचे केस मात्र विरळ होतात. आई-मावशीकडून आलेला वारसाही यात असतो. म्हणजे कुणाचे पाप नाही, कुणाची दृष्ट नाही आणि मुलीच्या वागण्याशी तर काडीचाही संबंध नाही.

एक खूण घरच्या घरी दिसण्यासारखी आहे. मानेच्या मागे, काखेत, कधी जांघेत कातडी काळी, जाड आणि मखमलीसारखी होते. बऱ्याच आया तो मळ समजून मुलीची मान आंघोळीच्या वेळी वजरीने घासतात, वर 'नीट आंघोळ करत नाही' म्हणून बोलणीही ऐकवतात. तो मळ नव्हे. ती रक्तातल्या वाढलेल्या इन्सुलिनची खूण आहे आणि घासून जाणार नाही.

हा विकार किती मुलींना असतो? मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी करून २०१४ साली आकडे प्रसिद्ध केले. निदानाचा प्रचलित निकष लावला तर शेकडा २२.५ आणि कडक निकष लावला तर शेकडा १०.७ मुलींत तो आढळला. जगाचा हिशेब साधारण शेकडा १० ते १३ असा धरतात. आकड्यांतला हा फरकच सांगतो की निदान काळजीपूर्वक केले पाहिजे.

प्रचलित निकष असा: पाळी अनियमित असणे, पुरुषी संप्रेरकांची लक्षणे किंवा रक्तात त्यांचे प्रमाण जास्त असणे, आणि सोनोग्राफीत तसे बीजांडकोश दिसणे, या तिन्हींपैकी दोन गोष्टी हव्यात. शिवाय थायरॉईडचा दोष, प्रोलॅक्टिन वाढणे आणि दिवस राहिलेले नसणे हेही पाहावे लागते, कारण पाळी त्यांनीही लांबते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही चालते.

वयात आलेल्या मुलींच्या बाबतीत मात्र फार सांभाळावे. पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्षभर ती मागेपुढे होणे अगदी स्वाभाविक आहे. पुढची दोन वर्षे २१ ते ४५ दिवसांपर्यंतचे अंतर चालू शकते. तीन वर्षांनंतर ३५ दिवसांहून जास्त अंतर वारंवार पडू लागले, वर्षात आठपेक्षा कमी वेळा पाळी आली, किंवा पहिल्या वर्षानंतर एखादी पाळी ९० दिवसांवर गेली, तर दाखवावे. तसेच १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी आलीच नाही तर वाट पाहत बसू नये. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये असे त्याच सूचनांत म्हटले आहे, कारण त्या वयात निरोगी मुलींचे बीजांडकोशही तसेच दिसतात. नववी-दहावीतल्या मुलीच्या हाती सोनोग्राफीचा कागद देऊन तिच्यावर शिक्का मारणे म्हणूनच चुकीचे आहे. आणि विनाकारण मारलेला हा शिक्का लग्नाच्या बाजारात किती वर्षे पुरतो हे इथल्या आयाबायांना वेगळे सांगायला नको.

"आमची मुलगी तर काडीसारखी आहे, तिला हा आजार कसा?" असे विचारणारेही पुष्कळ. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. इथल्या नवजात बाळाचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळाचे ३.५ किलो भरले. परंतु आपल्या बाळांत स्नायू कमी पडले होते, चरबी तितकीशी कमी झालेली नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त, अशी आपल्या लोकांची घडण आहे. त्यामुळे काट्यावरच्या आकड्यापेक्षा कमरेचा घेर पाहावा. स्त्रियांत तो ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हावे, मग हातपाय कितीही बारीक असोत.

आता उपेक्षा केली तर काय होते ते पाहू. बीज बाहेर पडले नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. गर्भाशयाचे अस्तर मात्र वाढत राहते. चार-पाच महिन्यांनी ते एकदम सुटते आणि पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जात राहते. रक्त कमी होते, बाई पांढरीफटक पडते. वर्षानुवर्षे असेच चालले तर त्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता वाढते. म्हणून निदान दर तीन महिन्यांतून एकदा तरी, गरज पडल्यास औषध देऊन, पाळी आली पाहिजे. 'पाळी नाही आली तर बरेच, कटकट नाही' ही समजूत इथे घातक ठरते. दुसरा धोका मधुमेहाचा. तो या मुलींना इतरांपेक्षा लवकर गाठतो, आणि गरोदरपणात साखर वाढण्याची शक्यताही जास्त असते. तिसऱ्या त्रासाबद्दल कुणी बोलत नाही: चेहऱ्यावरच्या केसांमुळे मुली कॉलेजला ओढणी गुंडाळून जातात, फोटोत मागे उभ्या राहतात, खिन्न होतात. उदासपणा हा या विकाराचाच भाग आहे. त्याची विचारपूस डॉक्टरांनीही करावी, आईनेही करावी.

याच संदर्भात एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात दर हंगामाला कोयता घेऊन ज्या बायका येतात, त्यांतल्या बीड जिल्ह्यातील स्त्रियांची २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पाहणी केली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, त्यांत ऐन तिशीतल्या कितीतरी. त्या शस्त्रक्रियांमागे पीसीओएस होता असे म्हणायचे नाही. तिथे खाडा पडला की पैसे कापले जाण्याची भीती, अंगावरून जाणे आणि 'कॅन्सर होईल' ही धास्ती अशी कारणे होती. पण अंगावरून जास्त जाते म्हणजे पिशवीच काढा, हा विचार बागायती गावांतल्या सुखवस्तू घरांतही भेटतो. या विकारात गर्भाशय निर्दोष असते. ते काढल्याने रक्त थांबेल, परंतु इन्सुलिन, वजन, केस, मधुमेह हे सारे जागच्या जागी राहील. कुणी पिशवी काढण्याचा सल्ला दिला तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेतल्याखेरीज सही करू नये.

उपचारांत सर्वात आधी येते ते चालणे आणि खाणे. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी ते शेकडा ५ ते १० ने जरी उतरवले, म्हणजे ७० किलोच्या मुलीने चार-सात किलो, तरी पुष्कळ जणींची पाळी मार्गी लागते. आठवड्याला किमान १५० मिनिटे दम लागेल असे चालणे किंवा सायकल, आणि दोन दिवस वजन उचलण्यासारखे व्यायाम करावेत. पूर्वी मुली कॉलेजला सायकलने जात, आता दारातून स्कूटी निघते. कालव्याच्या कडेने पहाटे पुरुष मंडळी फिरताना दिसतात, मुली दिसत नाहीत. आयांनी त्यांना सोबत घेऊन बाहेर पडावे. घरकाम आणि खुरपणीने शरीर थकते खरे, पण सलग दम लागेल अशा हालचालीची जागा ते दर वेळी घेत नाही.

आहारात परदेशी काही आणायची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, पालेभाजी, ताक, अंडे हे आपल्या घरात आहेच. अडचण आहे ती साखरेची. कारखान्याचा सभासद असलेल्या घरात साखरेचे पोते भरलेले असते आणि आल्यागेल्याला चहा होतो. दिवसाचे पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे दहा चमचे साखर नकळत पोटात जाते. 'आम्ही गूळ खातो' असे कुणी सांगते. या बाबतीत गुळाला साखरेहून फारसे वेगळे मानता येत नाही. श्रावणात करंजेच्या सोमेश्वराला जाणाऱ्या भगिनींनी उपवास जरूर करावा, मात्र साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि गोड रताळे हे दुप्पट खाणे म्हणजे उपवास नव्हे. मुलीला उपाशी ठेवणेही तितकेच वाईट.

औषधांविषयी थोडक्यात. लगेच मूल नको असलेल्या मुलींना पाळी नियमित होण्यासाठी आणि केस-मुरमे कमी होण्यासाठी संप्रेरकांच्या एकत्रित गोळ्या देतात. या कुटुंबनियोजनाच्याच गोळ्या असल्याने घरात गैरसमज होतात, पण अविवाहित मुलीलाही त्या औषध म्हणून देता येतात आणि त्यांनी वांझपण येत नाही. गोळ्या थांबवल्यावर पाळी पुन्हा लांबली तर ती सवय लागलेली नसते. मूळ विकार आत तसाच असतो. रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्या किंवा विशिष्ट प्रकारची अर्धशिशी असल्यास या गोळ्या चालत नाहीत, म्हणून मेडिकल दुकानातून परस्पर घेऊ नयेत. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध इन्सुलिनला मदत करते. ते दिले म्हणजे मधुमेह झाला असा अर्थ नाही. नको असलेल्या केसांवर औषधाचा परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात. तोवर थ्रेडिंग करायला हरकत नाही. त्याने केस वाढत नाहीत.

मूल होण्याचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला. या विकारात मूल होते. दिवस राहायला वेळ लागू शकतो, पण आयुष्याचा हिशेब केला तर या स्त्रियांना साधारणपणे इतरांइतकीच मुले होतात. बीज पक्व करण्यासाठी आज पहिली पसंती लेट्रोझोल या गोळीला आहे. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती जुन्या क्लोमिफेनपेक्षा सरस ठरली. भारतात या वापरावर २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. मात्र सुनेला वर्षभर गोळ्या चारण्याआधी मुलाच्या वीर्याची तपासणी करून घ्यावी. ती स्वस्त आहे, बिनत्रासाची आहे, आणि बहुतेक घरांत सर्वात शेवटी होते.

तपासणीला जाताना मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा कॅलेंडरवरून लिहून न्याव्यात. डॉक्टरांना त्याचा उपयोग सोनोग्राफीइतकाच होतो. जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलींसाठी मैत्री क्लिनिकची सोय असते, आणि बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साखरेच्या तपासणीसाठी सकाळी उपाशीपोटी जावे. तिथे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. तेवढा वेळ तिथेच बसून राहावे, मध्ये चहा घेऊ नये. पाठची बहीण असेल आणि तिचीही पाळी लांबत असेल, तर तिला त्याच फेरीत दाखवून घ्यावे.